पश्चिमेच्या समुद्रातून

ब्रह्मा घाट, वाराणसी
६ जानेवारी २०२६

सौ. कस्तुरीवहिनींना ढुंढिराजचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही तिघंही बरे आहोत. आईचे गुडघे थंडीत धरतात, तेवढंच. ग्वाल्हेरची थंडी आमच्याहून कडक असणार, तेव्हा शाळेत जाताना कान बांधत जा. कशावरून जाता ते मला ठाऊक नाही, पण वाऱ्यात जायचं असेल तर विशेष.

फोन केला होता, तुम्ही उचलला नाही. कामात असाल. शिवाय घरातून फोन लावला की बाबा वर्तमानपत्र उघडून जवळ बसतात आणि पान उलटत नाहीत. म्हणून पत्र बरं.

बातमी एकच आहे, पण मोठी. आमच्या ट्रस्टच्या म्युझियममध्ये महाकाय स्क्विड आला आहे. मी शब्दकोशात पाहिलं, कोकणात याच्या लहान जातीला माकूळ म्हणतात. आपल्या गंगेत असलं काही नसल्यामुळे इथे त्याला नावच नाही. बाहेरचा चहावाला त्याला 'दस गोड़वा', म्हणजे दहा पायांचा, म्हणतो. आठ हात आखूड आणि दोन इतके लांब, की माजघरात धड ठेवलं तर टोकं अंगणात जातील. मधे पोपटासारखी चोच आहे. डोळे बशीएवढे होते, पण आता आत बसले आहेत. तो जहाजाच्या जाळ्यात मेलेला सापडला आणि ट्रस्टींच्या ओळखीनं बर्फातून इथवर आला.

त्याला टिकवायचं काम हिमानी मॅडमचं. त्या अल्मोड्याच्या, म्युझियमच्या प्रमुख. हाताखाली मुकुल आणि मी. बर्फ एकदम वितळवून चालत नाही, कारण बारीक हात आधी नासतात आणि धड आतून दगडच राहतं. म्हणून थंड खारं पाणी घालत बसलो. मग सुईनं अंगभर फॉर्मलिन टोचलं, हात जसे दिसायला हवेत तसे सुती पट्ट्यांनी बांधले, आणि मागच्या खोलीत लांब टाकीत फॉर्मलिनच्या पाण्यात निजवला. आता तो तसाच कडक होईल. मग पुढच्या दालनात काचेची पेटी, वर झाकण, झाकणाच्या कडा कायमच्या बंद. तोवर टाकीवर फक्त प्लास्टिकचा कागद आहे, आणि तीच माझी काळजी आहे. खोलीची एक किल्ली माझ्याकडे, एक मुकुलकडे.

घरी सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, बाबा मला अंगणातच अंघोळ करायला लावतील. मेलेलं जनावर, त्यातून समुद्रातलं. तसलं काही झालं नाही. नुसतं विचारलं, "कुठल्या समुद्रातलं?"

मी म्हटलं, "अरबी समुद्रातलं. पश्चिमेच्या."

जेवताना विचारलं, "त्याच्या पोटात काय निघालं?"

आई ताक आणायला उठली ती आलीच नाही. मॅडमनी पोट उघडलं होतं, त्यात माशांचे तुकडे होते. मी म्हटलं, काहीच नव्हतं. बाबांनी असं का विचारलं, मला सांगता येणार नाही.

आणि दुसऱ्या दिवसापासून ते माझा डबा घेऊन येऊ लागले आहेत. बाबा! ज्यांनी कधी स्वतःचं ताट उचललं नाही. मैदागिनपर्यंत चालत, पुढे टोटोनं, म्हणजे बॅटरीच्या रिक्षानं, हातात डबा आणि खांद्याला झोळी. मी खातो तोवर टाकीपाशी उभे राहतात. मी विचारलं, "तुम्हाला एवढ्या लांब कशाला?" तर म्हणाले, "तू काम करतोस की नुसता बसतोस ते बघायला." मला हे खरं वाटत नाही. ते दुसरंच काही बघायला येत असावेत.

दुसरी गोष्ट. टाकीच्या तळाशी काळे बारीक कण दिसू लागले आहेत. ते स्क्विडच्या अंगाचे नाहीत. मी गाळून काढले, पुन्हा आले. मुकुल म्हणतो उंदराचं काम असेल. तो इतक्या चटकन कसा म्हणाला, याचा मी विचार करतो आहे.

मुन्शी घाटावरच्या मावशी ग्वाल्हेरला लग्नाला जाऊन आल्या. त्यांनी आईला सांगितलं की तुम्हाला शाळेतून स्कूटरवर कोणी सोडतं. आईनं विश्वास ठेवला नाही. मीही नाही. फक्त कळवतो.

इथून ग्वाल्हेरला जाताना तुम्ही बाबांसमोर जे मागितलंत, दादाचा विधी करा म्हणून, त्यावर त्यांनी अजून काही म्हटलेलं नाही. तो विषय मी काढत नाही.

आपला दीर,
ढुंढिराज


ब्रह्मा घाट, वाराणसी
१९ जानेवारी २०२६

सौ. वहिनींना नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. पाकीट अंगणात मिळालं आणि चिकटवलेलं नीट होतं, म्हणजे कोणी उघडलं नसावं.

तुम्ही रागावलात. 'भाऊजी, विचारायचं ते सरळ विचारत जा,' असं लिहिलंत. मग स्वतःच सगळं सांगितलंत: स्कूटरवाले गृहस्थ तुमच्याच शाळेत गणित शिकवतात, त्यांची पत्नी वारली आहे, त्यांनी तुम्हाला विचारलं आहे. आणि बाबा जोवर दादा गेल्याचं तोंडानं म्हणत नाहीत तोवर तुम्ही हो म्हणणार नाही. 'ज्या घरानं मला लेक म्हणून वागवलं त्यांच्या डोळ्यांदेखत मी त्यांच्या मुलाला एकटी मारणार नाही.' हे वाक्य मी पुष्कळदा वाचलं.

मी तुम्हाला काय सांगू? दादाचं जहाज उलटून चौथं वर्ष चालू आहे. होडीत चढलेले खलाशी परत आले, तेही म्हणाले की दादासारखं इंजिनाजवळ असलेलं कोणी वर आलंच नाही. देह सापडला नाही तर पळसाच्या पानांचा देह करून त्याला अग्नी देतात, हे आपल्या घरात मी तुम्हाला सांगायला नको. बाबा लोकांसाठी ते करतात. मागच्या महिन्यात अकोल्याचं एक कुटुंब आलं होतं, त्यांच्या मुलाचं त्यांनी केलं. घरी येऊन कढी-भात जेवले. स्वतःच्या मुलाचं नाव काढलं की मात्र उठून नदीवर जातात.

एक विचारू का? सरळ विचारतो. तुम्ही बाबांना वेगळं पत्र लिहिलंत का? कारण त्यांच्यात काहीतरी चाललं आहे आणि मला त्याचा पत्ता लागू दिला जात नाही. झोळीत काय असतं ते दाखवत नाहीत. घरून निघताना पुन्हा अंघोळ करतात. आई सगळं बघते आणि मला म्हणते, "तू आपलं बघ."

आता म्युझियमचं. तिथे वाईट झालं.

खिचडीच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, दुसऱ्या दिवशी मॅडम टाकी तपासायला आल्या. पाणी गढूळलेलं होतं. फॉर्मलिनमध्ये नळाचं पाणीसुद्धा वरून पडलं तर हिशोब बिघडतो, जोर कमी होतो. त्यांनी चिमट्यानं तळाचा एक कण उचलला आणि भिंगाखाली धरला.

"ये तो तिल है," त्या म्हणाल्या. "काला तिल. यहाँ बैठ के कौन खाता है?"

मुकुलच्या हातात तेव्हा तिलव्याची, म्हणजे तिळाच्या लाडवांची, पिशवी होती. त्या दिवसांत बनारसमध्ये कोणाच्या हातात नसते?

"मैडम, खाते हैं, पर बाहर खाते हैं," मुकुल म्हणाला. "अंदर तो हम साँस भी गिन के लेते हैं. ऐसी बदबू में लड्डू किसके गले उतरेगा?"

"तो तिल उड़ के आया?"

"हमको क्या मालूम. इसी दस गोड़वा से पूछिए, दस हाथ हैं, कोई तो उठाया होगा."

मॅडम हसल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ढुंढिराज, तुमने देखा है इसको खाते?"

मी म्हटलं, "अंदर खाते नहीं देखा."

हे अक्षरशः खरं होतं. पण 'अंदर'वर माझ्या आवाजात जरा भार पडला असावा. मॅडमनी मुकुलची किल्ली मागून घेतली आणि चौकशी होईपर्यंत येऊ नकोस म्हणाल्या. तो जाताना दारात थांबला.

"पंडित, तू तो अपने बाप पर भी शक करता है," मला म्हणाला. "फिर हम पे आके कैसे रुक गया?"

त्याच्या घरी म्हातारी आई आणि शिकणारी बहीण आहे. मला त्याचं वाईट वाटतं, पण चौकशी व्हायला हवी. पुराव्याशिवाय कोणाला निर्दोष म्हणणं बरोबर नाही.

मुकुलच्या पिशवीतला तिलवा पांढऱ्या तिळाचा होता. तुम्हाला म्हणून लिहितो. मॅडमना हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्या पुढचं विचारतील, आणि पुढचं मला माहीत नाही. काळे तीळ थंडीत पुष्कळ घरांत असतात.

आपल्याही घरात असतात. पण देव्हाऱ्याजवळच्या डब्यात, आणि ते कोणी खात नाही.

आपला,
ढुंढिराज


ब्रह्मा घाट, वाराणसी
८ फेब्रुवारी २०२६

कस्तुरीवहिनी, नमस्कार.

हे पत्र लिहायला उशीर झाला. सुरुवात कशी करावी तेच सुचत नव्हतं. आई बरी आहे. तिनं तुमच्यासाठी मेतकूट केलं आहे, ते वेगळं पाठवतो.

मी बाबांवर पाळत ठेवली. असंच म्हणायला हवं. डबा घेतला, म्हटलं, "मी बाहेर नळावर हात धुऊन येतो," आणि व्हरांड्यातून वळसा घालून मागच्या खिडकीशी आलो. तिची खालची काच फुटकी आहे, तिथे पुठ्ठा लावलेला असतो. तो मी सकाळीच सैल करून ठेवला होता.

बाबांनी चपला दाराबाहेर काढल्या होत्या. त्या ओल्या, औषध सांडलेल्या फरशीवर ते अनवाणी उभे होते. बंडी काढून झोळीवर ठेवली होती. झोळीतून तांब्याची लोटी निघाली, दर्भ निघाला आणि देव्हाऱ्याजवळचा तो डबा. प्लास्टिकचा कागद त्यांनी स्वतःच्या हातानं बाजूला केला. मग जानवं उजव्या खांद्यावर घेतलं.

वहिनी, जानवं त्या खांद्यावर कशासाठी जातं ते तुम्हाला माहीत आहे. देवाच्या कामात नाही. ते गेलेल्या माणसासाठी जातं.

ओंजळीत तीळ घेऊन, अंगठ्याच्या बाजूनं, त्यांनी त्या स्क्विडवर पाणी सोडलं. ओठ हलत होते. पाठशाळा मी अर्धी सोडली, पण तर्पणात मुलाचं नाव कुठे येतं एवढं मला कळतं. त्यांनी गोत्र म्हटलं, आणि पुढे 'वेणीमाधव' म्हटलं. दादाचं पूर्ण नाव मी त्यांच्या तोंडून तो गेल्यापासून ऐकलं नव्हतं. मग तर्पयामि. पुन्हा, आणि पुन्हा. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण फॉर्मलिननं तिथे सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी येतं, त्यामुळे मला नक्की काही म्हणता येत नाही.

मी आत गेलो नाही. जेवलोही नाही. पुढच्या दारानं आलो तेव्हा ते बंडी घालून उभे होते. जानवं मात्र डाव्या खांद्यावर परत घ्यायचं राहून गेलं होतं. गळ्यापाशी दिसत होतं. बाबा हे कधी विसरत नाहीत.

मी म्हटलं, "बाबा, जानवं."

त्यांनी हात लावून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. पुठ्ठ्याकडेही पाहिलं.

मॅडमची परवानगी काढून मी त्यांच्याबरोबर निघालो. ब्रह्मा घाटावर येऊन त्यांनी कपड्यांसकट बुडी मारली आणि पायरीवर उन्हात बसले.

मी म्हटलं, "हे गंगेत करता आलं असतं. घराच्या दाराशी आहे."

"गंगा कुठे जाते?"

"समुद्राला."

"कुठल्या?"

नदी वाहते तिकडे मी बोट केलं.

"पूर्वेच्या," बाबा म्हणाले. "तो पश्चिमेला गेला. इथून सोडलेलं पाणी त्याला पोचायचं कसं? हे जनावर तिकडून आलंय. ज्या पाण्यात तो आहे, ते पाणी याच्या अंगात आहे."

टाकीतलं पाणी आमच्याच नळाचं आहे आणि त्यात मीठ मी माझ्या हातानं घातलं आहे. हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

दुसरंच बोललो. "पण आधी विधी आणि मग तर्पण ना?"

"पाठशाळा सोडून पळालेला मला क्रम शिकवतोय," ते म्हणाले. मग बंडी पिळू लागले. "क्रम चुकलाय. ठाऊक आहे मला. पण विधी म्हणजे चार माणसं येणार, गावभर होणार. त्या दिवशी कस्तुरीच्या कपाळावरचं जायचं. ते माझ्या तोंडून? पोर तिकडे आशेवर आहे. नुसतं पाणी दिलं तर मला ठाऊक आणि त्याला ठाऊक."

"आणि मॅडमच्या भिंगाला," मी म्हटलं.

"म्हणजे?"

मग मी मुकुलचं सांगितलं. ते ऐकून बाबा उभेच राहिले. "माझ्या तिळापायी त्या पोराची नोकरी घालवलीस? आणि तुला माहीत होतं?"

"संशय होता," मी म्हटलं.

"संशय सगळ्या जगाचा घेतोस, आणि जिथे खरा आला तिथे तोंड शिवलंस."

तोंड आता उघडलंच होतं, म्हणून मी तुमचंही सांगून टाकलं. तुमच्या परवानगीशिवाय सांगितलं, त्याबद्दल जे बोलायचं ते बोला. म्हटलं, "बाबा, ती आशेवर नाही. विधी करा असं तिनं स्वतः मागितलं होतं. तुम्हाला वाटलं ती दुःखात बोलली. ती तुमच्यासाठी थांबली आहे, आणि तुम्ही तिच्यासाठी." त्या गृहस्थांचंही सांगितलं. स्कूटरचं सांगितलं नाही.

नदीवरून नावा जात होत्या, कोणी यात्रेकरू आम्हाला हात करत होते. बाबांनी विचारलं, "माणूस कसा आहे?"

"मला माहीत नाही. मी चौकशी करतो."

"तू करू नकोस," ते म्हणाले. "तुझी चौकशी मी पाहिली."

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्यांनी टाकीवरचा कागद उचलून पाणी पाहिलं. मग म्हणाल्या, "मुझसे पूछ लेते. बाहर एक बाल्टी रख देती." पण ढुंढिराजवर आता टाकी सोडता येणार नाही, असंही म्हणाल्या. मागच्या खोलीची माझी किल्ली गेली आणि मला तिकिटाच्या खिडकीवर बसवलं आहे. मुकुल परत आला. त्याच्या घरी जाऊन मी त्याच्या आईसमोर खरं काय ते सांगितलं. तो खाटेवर बसून ऐकत होता. म्हणाला, "अब तेरी बारी है, पंडित. सब तुझे घूर के देखेंगे. मज़ा ले." आता रोज माझ्या खिडकीसमोरून किल्ली वाजवत जातो. तो मला क्षमा करील की नाही, सांगता येत नाही. त्याची बहीण मात्र माझ्याशी बोलत नाही.

स्क्विडला इजा झालेली नाही. पाणी सगळं बदललं. काल त्याला काचेच्या पेटीत ठेवला आणि झाकणाच्या कडा बंद केल्या. बाबा आले होते, तिकीट काढून, लोकांच्या रांगेतून. समोर उभे राहिले, हात जोडले नाहीत. एका लहान मुलीनं त्यांना विचारलं, "बाबाजी, ये ज़िंदा है?" ते म्हणाले, "नहीं बेटा. गुज़र गया." आणि बाहेर आले.

शिवरात्रीची गर्दी ओसरली की दादाचा विधी करायचा ठरलं आहे. पळसाची पानं मिर्झापूरकडून येतील. कर्ता मी. माझे मंत्र अर्धेच आहेत, पण बाबा सांगतील आणि मी मागून म्हणेन. बाबा म्हणाले, कस्तुरीला यावंसं वाटलं तर येऊ दे, आणि आली नाही तरी तिचं काही राहून जात नाही. यायचं असेल तर गाडी कळवा, मी स्टेशनवर येईन. एकट्या येणार की बरोबर कोणी असेल, हे विचारत नाही. कोणी असेल तर वरची खोली झाडून ठेवतो.

हे लिहिताना बाबा शेजारी आहेत. वर्तमानपत्र घडी घालून बाजूला ठेवलं आहे. तुम्हाला पत्र लिहिताना शेवटी त्यांचा काय आशीर्वाद लिहायचा, हे मी आजवर कधी विचारलं नव्हतं. घरच्या सुनेला जो अखंड सौभाग्याचा लिहितात तो सगळ्यांना पाठ असतो. आज विचारलं.

ते म्हणाले, "सुखात राहा, एवढंच लिही. आणि खाली माझं नाव घाल. तुझं नको, माझं."

सुखात राहा.

गोपीनाथ